इंदू, तुझा मेपल वाळतोय

प्रिय इंदू,

तू होतीस तेव्हा मी तुला एकदाच पत्र लिहिलं. गणपतीला तू आणि आई गावी गेला होतात, मला छापखान्यातून रजा मिळाली नव्हती आणि भात जमत नव्हता. "पाणी किती घालू?" एवढंच विचारायला कार्ड टाकलं होतं. तुझं उत्तर येईपर्यंत मी पाव खाऊन राहिलो.

आज पुन्हा तसाच अडलोय. या वेळी उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. तरी लिहितोय. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझा मेपल वाळतोय, इंदू.

खाली चाळीच्या चौकात मांडव पडतोय. बायका पताका कातरतायत. महाराष्ट्र मिळाला! मुंबईसकट मिळाला! लालबागपासून परळपर्यंत घरोघर आकाशकंदील लागलेत, भर उन्हाळ्यात दिवाळी. शेजारचे लोक मला हात धरून खाली न्यायला येतात आणि मी म्हणतो, "येतो, तुम्ही व्हा पुढे." मग दार लोटतो आणि खिडकीतून तुझ्या झाडाकडे बघत बसतो. एक फांदी उरलीय. एकच! तिची पानंही आज दुपारी खाली लोंबायला लागलीत.

तुझ्या दादाने ते बी आणलं तेव्हा आपल्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. लष्करातून सुट्टीवर आला होता, डेहराडूनच्या बाजूने. खिशातून रुमाल काढला, त्यात मूठभर बिया. जोडीजोडीने चिकटलेल्या, प्रत्येकीला एक पातळ पंख. तू गॅलरीत उभी राहून एक खाली सोडलीस. ती गरगर फिरत, रमतगमत चौकात उतरली. तू टाळ्या पिटल्यास! एवढी मोठी बाई!

"याला साहेब लोक मेपल म्हणतात," दादा म्हणाला. "खरे मेपल बर्फातले. हा डोंगराच्या पायथ्याचा, उन्हाला सोसणारा. पण मुंबईत? मला नाही वाटत."

त्याने नुसतं 'नाही वाटत' म्हटलं आणि तू हट्टाला पेटलीस. ओल्या वाळूत बिया पुरून मडकं मोरीच्या गारव्याला ठेवलंस. आई रोज कुरकुरायची. सगळ्या सडल्या, दोन उगवल्या. त्यातली एक मांजराने उकरली. उरला तो हा.

चौकातली जागा तू किती दिवस शोधत होतीस! सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. म्हणून भिंतीच्या पूर्वेचा कोपरा. त्याला पाणी हवं, पण तुंबलेलं नको, म्हणून तळाशी विटांचे तुकडे. मुळं तापता कामा नयेत म्हणून बुंध्याभोवती नारळाची सोडणं आणि सुका पाला. "खोडाला चिकटवू नका हो, कुजेल," असं मला बजावायचीस. शिवडीकडून खारा वारा आला की पानांच्या कडा करपायच्या. मग तू त्या बाजूला गोणपाट बांधायचीस. आणि गिरण्यांची काजळी! दर रविवारी बादली आणि फडकं घेऊन एकेक पान पुसायचीस. वरून हिरवं, खालून पांढुरकं. नवी पालवी तांब्याच्या भांड्यासारखी लालसर.

चाळीतल्या बायका हसायच्या. "इंदूताई, आंबा लावला असतात तर कैऱ्या तरी मिळाल्या असत्या." एकदा एकजण त्याच्याही पुढे गेली. म्हणाली, पोटी मूल नाही म्हणून झाड पोसतेय. मी वरून ऐकलं. तू मात्र फडकं पिळत शांतपणे म्हणालीस, "झाड ते झाड. मुलाची जागा मुलाची. तुम्ही उगाच एकात एक कालवू नका."

रात्री तू रडलीस का? मला कळलं नाही. विचारायला हवं होतं का गं? तुला एकटं राहायचं होतं असं मी धरून चाललो.

मग महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस आले. गिरण्या बंद, दुकानं बंद, सभा, मोर्चे. मी छापखान्यात पत्रकांसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि तू ती पत्रकं साडीच्या घोळात घालून चिंचपोकळीपर्यंत पोचवायचीस. मला नंतर कळलं! मी ओरडलो तर म्हणालीस, "तुम्ही छापायचं आणि आम्ही वाचायचंसुद्धा नाही?"

एका सकाळी रस्ता अडवायचं ठरलं. पोलिसांच्या गाड्या येऊ नयेत म्हणून माणसं मिळेल ते रस्त्यावर टाकत होती, पिंपं, दगड, हातगाड्या. आपल्या खालच्या मजल्यावरचा दत्ताराम, गिरणीच्या साचेखात्यातला, कुऱ्हाड घेऊन चौकात आला. तुझं झाड तेव्हा पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागलं होतं. आडवं टाकायला अगदी बेताचं.

तू जिन्यावरून अशी धावलीस की पायातली चप्पल मागेच राहिली.

"दत्ताराम, हे नाही."

"वहिनी, महाराष्ट्राचं काम आहे. सरका."

"मला सांगता महाराष्ट्राचं काम? थांबा जरा. याच्यापेक्षा चांगलं देते."

आणि तू वर येऊन आपली खाट ओढायला लागलीस! सागवानी, बाबांच्या वेळची. घरात एवढी एकच खाट, आणि तिच्यावर आई झोपायची. दत्ताराम आणि दोघांनी ती जिन्यातून आडवी-उभी करत खाली नेली. आई गॅलरीतून ओरडत राहिली, "अरे, रस्त्यार नेऊन टाकल्यानी माझी खाट! आता मी खय निजू?"

"माझ्या शेजारी," तू म्हणालीस.

आणि खरंच त्या दिवसापासून आई तुझ्या शेजारी झोपायला लागली आणि मी दारापाशी. तुमचं रोज भांडण आणि रोज एका गोधडीत झोपणं. मला आजही हसू येतं. मग पुढचं आठवतं आणि हसू तिथेच थिजतं.

ती थंडी, इंदू. सकाळी तू झाडाखालची माती मोकळी करत होतीस. मातीत गंजक्या पत्र्याचा तुकडा होता. अंगठ्याखाली लागलं. मी म्हटलं दवाखान्यात जाऊ. तू हळद दाबलीस आणि म्हणालीस, "एवढ्याशा ओरखड्याला दवाखाना?" आणि जखम भरलीसुद्धा. आपण दोघंही विसरलो.

काही दिवसांनी शहरात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. तिसऱ्या प्रहरी मी तुला चहा दिला आणि तू कप ओठाला लावून तशीच थांबलीस.

"अहो, माझं तोंड उघडत नाही," मिटल्या दातांतूनच म्हणालीस.

मला वाटलं चेष्टा करतेस. तू डोळ्यांनी सांगितलंस, नाही.

संध्याकाळपर्यंत मान ताठली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाट नव्हती, म्हणून दत्तारामने आपल्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं. त्याच्यावर गोधडी, गोधडीवर तू. पुढे मी, मागे तो, आणि दाराच्या पुढच्या टोकाला बांधलेला पांढरा पंचा. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. एका हवालदाराने गोधडी जरा बाजूला केली, तुझा चेहरा पाहिला आणि आमच्या पुढे चालायला लागला. परळच्या दवाखान्यापर्यंत तो पुढे होता म्हणून आम्ही पोचलो. त्याचं नावही मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. मी विचारलं, दुपारीच आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' मी चार वर्षं उशाला घेऊन झोपतोय.

तुला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड नको, आवाज नको, हात लावायचा नाही. जरा खुट्ट झालं की तुझं सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं. मी भिंतीला टेकून श्वाससुद्धा जपून घेत होतो. तू शुद्धीत होतीस, हेच सगळ्यात वाईट. लोक मला विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? काही नाही. तुझं तोंडच मिटलेलं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला काहीतरी सांगत होतीस आणि मला ते कळलं नाही. काय होतं ते, इंदू? झाडाला पाणी घाला? आईला सांभाळा? की नुसतं, दुखतंय? मी प्रत्येक अर्थ लावून पाहिला. एकही बसत नाही.

तेराव्याच्या दिवशी आई म्हणाली, "त्या झाडान माझी सून खाल्ल्यान. तोडून टाक ता."

मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाही म्हटलं. त्या दिवसापासून आईने चौकात पाऊल टाकलं नाही. नळावर जायचं तर दुसऱ्या जिन्याने फेरा घालून जायची. आणि आमच्या घरात तुझं नाव निघेनासं झालं. मी 'इंदू' म्हटलं की तिला झाड दिसायचं, तिने म्हटलं की मला ती अंधारी खोली. आम्ही दोघं गप्प जेवायचो. चार वर्षं! तू गेलीस ती गेलीस, घरातला आवाजही घेऊन गेलीस. असं कुणी करतं का गं?

झाड मी सांभाळलं. तू करायचीस ते सगळं आठवून करत होतो. सोडणं, गोणपाट, रविवारी पानं पुसणं. पुरुषमाणूस फडक्याने पानं पुसतो म्हणून लोक बघायचे, बघोत. ते दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं.

आणि या हिवाळ्यात घरमालकाने नव्या संडासासाठी गटार खणायला माणसं लावली. मी छापखान्यात होतो. परत आलो तेव्हा भिंतीच्या बाजूची निम्मी मुळं तुटून चराबाहेर पडली होती. मनगटाएवढी जाड, ओली. मी ती हातात घेऊन कामगारांना विचारत होतो, "हे काय केलंत? हे काय केलंत?" त्यांचा काय दोष? त्यांना चर खणायला सांगितला होता, त्यांनी खणला.

होळीच्या सुमाराला पालवी आली ती अर्ध्या झाडाला. भिंतीकडच्या बाजूची पानं बोटाच्या पेराएवढी होऊन तशीच लालसर वाळली. मग बुंध्याशी भुसा पडायला लागला, म्हणजे अळीही शिरली. मी तारेने भोक कोरलं, रॉकेलचा बोळा घातला, वर माती लिंपली. कुणी म्हणालं ताक घाल, कुणी म्हणालं राख, कुणी मासळी धुतलेलं पाणी. ज्याने जे सांगितलं ते मी केलं. झाड मुळांवाचून मरतंय की माझ्या उपायांनी, हेही आता मला कळेनासं झालंय.

रोज सकाळी नखाने एकेक फांदी खरवडून बघायचो. सालीखाली हिरवं असलं तर जिवंत. तपकिरी. तपकिरी. हिरवं. तपकिरी. छापखान्यात खिळे चुकायला लागले, मालकाने दोनदा टोकलं.

तुझ्या दादाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: "मुळं अर्धी गेली तर झाडाचा वरचा भारही अर्धा करायला हवा. वाळलेलं सगळं काप, हिरवं लाकूड लागेपर्यंत काप. घावावर शेणमाती लाव. बघत बसशील तर सगळंच जाईल."

मी बघत बसलो. करवत आणून दाराआड ठेवली आणि बघत बसलो. ज्याला तू कुऱ्हाड लागू दिली नाहीस त्याला मी करवत लावू? माझा हातच उठेना.

काल सकाळी दत्ताराम आला. आता तो चाळीच्या समितीत आहे. बरोबर दोघं.

"सदाभाऊ, व्यासपीठ त्याच कोपऱ्यात बसतंय. झाड तर वाळलंच आहे. तुम्ही म्हणाल तर…"

पुढचं त्याला बोलूच दिलं नाही मी. काय ओरडलो ते मला धड आठवत नाही. महाराष्ट्र, कंदील, व्यासपीठ, सगळ्यांच्या नावाने ओरडलो. "तुम्हाला मिळाला ना सगळा? मग हे एक तरी राहू द्या ना मला!" असं काहीतरी. सगळी चाळ कठड्याला आली. दत्ताराम मान खाली घालून उभा. ज्याने स्वतःचं दार काढून तुला उचललं त्याच्यावर मी हात उगारला, इंदू.

आणि जिन्यात आईची काठी वाजली.

चार वर्षांनी ती चौकात उतरली. गर्दी बाजूला झाली. तिने झाडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"झिला, तुका झाड व्हया काय इंदू व्हयी?"

मी दत्तारामवर उगारलेला हात खाली घेतला.

"इंदू गेली रे. ह्या जगला तरी ती येवची नाय. मरला तरी ती परत मरूची नाय." मग तिने झाडाला हात लावला. नुसता लावला. "मी ह्या झाडार राग धरलंय. देवार धरूक माका भय वाटला."

ती सिमेंटच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "काय करूचा असात ता आता कर. मी बसलंय हयसर."

मी करवत आणली. दत्तारामने शिडी धरली. व्यासपीठाचं तो पुन्हा बोललाच नाही. त्याने ते समोरच्या कोपऱ्यात हलवलं. एकेक फांदी कापत मी हिरव्यापर्यंत गेलो. भुसा डोळ्यांत जात होता, म्हणून रडायला आडोसा मिळाला. चिंचपोकळीच्या तबेल्यातून शेण आणलं, ते आईने स्वतः मातीत कालवलं आणि गोळे करून मला वर दिले. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यापर्यंतचं झाड माझ्या खांद्याएवढं उरलं. एक बुंधा, एक फांदी.

मी बरोबर केलं का? तू असतीस तर कुठे थांबली असतीस? अजून वरच थांबायला हवं होतं का? आज तीच फांदी मान टाकतेय. सकाळी पाणी घातलंय, ओलं गोणपाट धरलंय, चौकात सनई लावलीय आणि मी देवाला म्हणतोय, बाकी काही नको, एवढी एक फांदी. एवढी एक!

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. काल दिवेलागणीला जेवण उरकून आई भिंतीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली,

"इंदू माका पाठसून काय म्हणायची रे?"

मी चपापलो. म्हटलं, काही नाही.

"खोटा बोलू नको. सून आसा, काय तरी म्हणतलीच."

मग सांगितलं. तुझी माफी मागून सांगितलं. पहाटे गिरणीच्या आधी तिचा आवाज सुरू व्हायचा म्हणून तू तिला भोंगा म्हणायचीस. "उठा, आपला भोंगा झाला!"

आईने मान माझ्याकडे वळवली. मी म्हटलं, संपलं आता.

"भोंगो?" ती म्हणाली. "माका भोंगो?" आणि हसायला लागली. पदर तोंडावर धरून, खांदे गदगदवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबलंच नाही. मीही तिच्याशेजारी बसून रडलो. चार वर्षांत पहिल्यांदा एकत्र.

झोपताना तिने विचारलं, "आणि काय म्हणायची?"

इंदू, तुला शब्द देतो. झाडाचा मला देता येत नाही. ते जगलं तर त्याची पानं मी पुसेन, नाही जगलं तर माझ्याच हाताने काढेन, दुसऱ्याला लावू देणार नाही. पण आईला तुझ्याबद्दल रोज एक गोष्ट सांगेन. तू केलेल्या खोड्या, तुझी भांडणं, तू लपवून आणलेली खारी बिस्किटं, सगळं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. या घरात तुझं नाव आता कुणी गिळणार नाही.

आई हाक मारतेय. आजची गोष्ट मागतेय.

तुझाच,
सदा